टेपवरची इंद्राणी

टेपचं मशीन आधी खरखरलं, खोकल्यासारखं झालं, आणि मग त्यातून इंद्राणीचा आवाज बाहेर पडला. अगदी तिचाच! पहिल्या रांगेत शेजारी बसलेली तिची आई, कुंती, दचकलीच. "अय्यो! तू हितं बसलीस, नि थितं पण बोलतेस?"

इंद्राणीनं कसंबसं हसू दाबलं आणि ताठ बसली. आजचा दिवस आपलाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. ट्रेनिंग कॉलेजचा मोठा हॉल भरला होता. भारतातून पाहुणे या बेटावर आले होते, शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर आले होते. मराठीचे यशपाल सर आपलं संशोधन सगळ्यांसमोर मांडत होते, आणि शेवटी आपली सहायिका निवडणार होते. कॉलेजातच नोकरी, तीही कायमची! ती मिळाली की आईचं उसात वाकणं संपलं. म्हणून तर तिनं आईला त्यांच्या गावाहून, कांप दे मास्कहून, बसनं बोलावून घेतलं होतं, ठेवणीतली साडी नेसायला लावून.

आणि निवडणार तरी दुसऱ्या कुणाला? लंडनला शिकून आलेले यशपाल सर वर्गात बाकीच्यांना शब्दाशब्दाला टोकायचे. विद्यावतीला तर 'पाणी'तल्या एका 'णी'वरून त्यांनी रडवलं होतं. इंद्राणीला मात्र कधी अवाक्षर नाही. उलट मशीन सुरू करून म्हणायचे, "बोल इंद्राणी, घरी बोलतेस तसंच बोल. थांबू नकोस." मग काय, ती सुटायचीच! विद्यावती जळून म्हणायची, "तुझं काय बाई, तू सरांची लाडकी."

मशीन आता स्वच्छ बोलत होतं. "माझी आय लवकर रांडली. मी तवा पाळण्यात. तिनं दुसरा घोव केलान नाय. उसात राबली, पण मला इस्कूलात धाडलान."

हॉलमध्ये एकच हशा उसळला. पाहुण्यांपैकी एकानं तोंडाला रुमाल लावला. दुसऱ्यानं लावायचीही तसदी घेतली नाही.

ते 'रांडली'ला हसले, हे इंद्राणीनं ओळखलं. घरी, शेजारी, सगळ्या गावात नवरा गेलेल्या बाईसाठी हाच एक शब्द होता. त्यात शिवी कुणाला कधी ऐकू आली नव्हती. 'विधवा' हा शब्द तिला या कॉलेजात भेटला, आणि तोही हे टेपवर बोलून झाल्यावर.

सरांनी मशीन थांबवलं. ते फार खुशीत होते.

"हा माझा सगळ्यात उत्तम नमुना. आपल्या मराठी घरांत भाषेची काय दशा झाली आहे, ते यात पुरतं कळतं. या मुलीला मी वर्षभर मुद्दाम टोकलं नाही. टोकलं असतं तर नमुना बिघडला असता."

पुन्हा हशा. मागून विद्यावतीचा आवाज तर वेगळा ओळखू येत होता.

"ज्याच्या कानाला चूक टोचते, तोच खरा मास्तर," सर म्हणाले. "असा कान इथल्या ज्या मुलीला असेल, तिला मी हाताखाली घेणार. मग ती कुणाची का असेना."

कुंती मात्र भारावून गेली होती. तिला सरांची पुस्तकी मराठी अर्धीच कळली. आपल्या लेकीनं आपलं नाव मोठं केलं, आणि ते ऐकून एवढे मोठे लोक खूश झाले, एवढं मात्र तिला पुरतं कळलं. ती उठली. इंद्राणी पदर ओढायला गेली, तोवर तिनं हात जोडलेसुद्धा.

"सायब, लय बरी बोलली माझी पोर. परत एकदा लावा ना!"

 सरांची नजर मुलींच्या रांगांवरून सावकाश फिरली आणि इंद्राणीवर येऊन थांबली.

"लावतो, बाई. का नाही? मुलींनो, नीट ऐका आता. कुणाचा कान किती तयार आहे, ते मलाही बघायचंय."

कुंती डोळे पुसत खाली बसली. मशीन खरखरलं. सगळा हॉल कान देऊन बसला.

"माझी आय लवकर..."

तो शब्द अजून यायचा होता. त्याच्या आधीच इंद्राणी हसली. खळखळून, सगळ्यांत मोठ्यानं.