सर्चमध्ये शून्य

बसच्या फेऱ्या ठरवणारा जुना प्रोग्राम माझा, जुन्या कॉम्प्युटर-भाषेतला; त्यातल्या एकेका कामाच्या तुकड्याला आम्ही मेथड म्हणतो. लोकांच्या फोनवरचं चकाचक ॲप धाकट्या भावाचं, नव्या भाषेतलं. दोन्हींना जोडणारा पूलही त्यानेच बांधला. "ताई, तुझ्या मेथड्सची नावं मी कुठे लिहूनच ठेवत नाही. ॲप चालू असताना जसं काम येईल तसं पूल नाव जुळवतो आणि तुझी मेथड चालवतो," असं त्यानेच मला फुशारकीने सांगितलं होतं.

आज मीटिंगमध्ये साहेबांनी त्याच्या कोडमध्ये माझ्या मेथड्सची नावं सर्च केली. एकही सापडलं नाही.

"तुमचं कोणी काही वापरतच नाही. मग तुमची जागा ठेवायची कशाला?"

"अरे, सांग ना त्यांना!" मी भावाला म्हटलं.

आमचं गुणी बाळ चहाच्या कपात डोकं घालून बसलेलं. "सर्चमध्ये नाही म्हणजे नसेलच, साहेब."

मी माझा ड्रॉवर रिकामा करत होते, तेव्हा तो हळूच मागे येऊन उभा राहिला.



"ताई, रागाच्या भरात काही डिलीट करू नकोस हं. सगळं तुझ्याच कोडवर चाललंय."