कुंपणावरचा डबा

टार्निट या ऑस्ट्रेलियन उपनगरात आमचं आणि शेजारच्या नुपूरचं कुंपण एकच. माझा स्टीलचा डबा त्यावरून सतत ये-जा करायचा, आणि तो रिकामा परत पाठवायचा नाही ही दोघींच्याही माहेरची रीत. लॉकडाऊनमध्ये ती घरून आयटीचं काम करू लागली. मी मात्र वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायला रोज जायचे. गौरीजेवणाच्या दिवशी तिच्या दाराशी पुरणपोळ्यांचा डबा ठेवून मी शिफ्टला गेले. परतले तेव्हा तो कुंपणावर होता. नुपूर खिडकीआडून बोलली. काचेवर तिच्या लेकीने रंगवलेलं इंद्रधनुष्य, खाली ‘थँक यू हिरोज’. “विनीता, रागावू नकोस गं. तू तिथून येतेस, घरात लहान मूल आहे. हे संपेपर्यंत काही पाठवू नकोस, प्लीज.” “नो वरीज,” मी म्हणाले. डबा उचलला, तर जड लागला. रीत मोडली नव्हती तिने. उघडला. माझ्याच पोळ्या, वरचं तूप थिजलेलं.