दौलतच्या नावानं

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. झांजा थांबल्या. गोविंदरावांनी भिकाजीबुवांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि मारुतीच्या देवळात बुक्क्याची वाटी फिरू लागली. आता बुवांनी घोटभर पाणी घ्यायचं आणि आख्यानाला उभं राहायचं, हा नेहमीचा रिवाज. पण बुवांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"मंडळी, आज हा हार माझा नव्हे," ते म्हणाले. "काल पालघरला गाडीतून उतरलो, तर मैदानावर ही गर्दी! आपल्या डहाणूच्या कॉलेजचा हुतूतूचा शेवटचा सामना. एक पोर चढाईला गेलं. तिघांनी धरलं हो त्याला. कोणी पाय, कोणी कंबर. पण पठ्ठ्यानं दम सोडला नाही. तिघांना ओढत रेषेपर्यंत आला, बोट टेकलं, आणि मगच श्वास घेतला. मला तर साक्षात मारुतीराय दिसला. कुठं आहे तो?"

"आमचा धाकटा तो, बुवा," गोविंदराव म्हणाले. "ऊठ रे दौलत."

पुढच्या सतरंजीवरून दौलत उठला. धोतराला चुरगळ नव्हती, अंगावर ओरखडा नव्हता. बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

"हा?"

"हाच. पंचांना विचारा, दौलत गोविंदराव."

बुवांची नजर सभामंडपभर फिरली आणि दाराजवळच्या खांबाशी थांबली. तिथं तुक्या पाण्याची घागर घेऊन उभा होता. त्याचा उजवा कान सुजला होता आणि दोन्ही गुडघे सोललेले होते.

कॉलेजच्या संघात कॉलेजचाच मुलगा हवा, हा नियम. म्हणून गोविंदरावांच्या चिकूच्या वाडीत राबणारा गंजाडचा तुक्या पावसाळ्यापासून प्रत्येक मैदानावर दौलत होता. संघ जिंकला तर तुला कॉलेजात शिपाई म्हणून लावतो, असा गोविंदरावांचा शब्द होता. कुठं बोललास तर शिपाईही नाही आणि वाडीही नाही, हाही त्यांचाच शब्द.

देवळाच्या पायरीपाशी फुलं विकणाऱ्या हिराबाईशेजारी तुक्याची आई जिवली उभी होती. धुतलेलं लुगडं नेसून ती पहाटेच गंजाडहून निघाली होती. "ता खांबाशी उभा हाय ना, ता माझा पोर," ती मघापासून हिराबाईला सांगत होती. "काल त्याच्याच जिवावर जिंकलं हे."

बुवा हार घेऊन खांबापाशी आले.

"काल मैदानात तूच होतास ना, बाळा?"

तुक्यानं गोविंदरावांकडे पाहिलं.

"मी नाय, बुवा. मी काल गंजाडला व्हतो. भात झोडत व्हतो."

"मग कान कशानं सुजला?"

"बैलानं मारलं."

मंडळी हसली. बुवा हसले नाहीत. त्यांनी वाटीतला बुक्का बोटावर घेतला, तुक्याच्या कपाळाला लावला, आणि बोट तिथंच ठेवून हळूच विचारलं, "नाव काय तुझं?"

"दौलत गोविंदराव," तुक्या म्हणाला.

हंगामभर पंचांनी विचारायचं आणि त्यानं हेच सांगायचं. गोविंदरावांनी घोटून घेतलं होतं. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याच्या हातातली घागर हिंदकळली आणि पाणी त्याच्या पायांवर सांडलं. पेटीवाल्यानं भात्यावरचा हात काढून घेतला.

"बघा, बुवा!" गोविंदराव मोठ्यानं हसले. "आमच्या गड्यांना धन्याच्या पोराचं एवढं कौतुक, की स्वतःचं नावसुद्धा विसरतात!"

सगळे पुन्हा हसले. संघातली पोरंही हसली. काल याच पोरांनी तुक्याला खांद्यावर घेतलं होतं.

बुवांनी दाराबाहेर पाहिलं. म्हातारी पायरीला हात टेकून आत वाकली होती. तिचे डोळे तुक्यावरून हलत नव्हते.

"आई," बुवा म्हणाले, "तुम्ही सांगा. हा मुलगा तुमचा?"

जिवलीनं लेकाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली नाही, काही नाही. नुसते डोळे. लहानपणी ताप चढला की असाच बघायचा.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "माझा पोर तं गंजाडला हाय. भात झोडतं."

"अगो, आताच तर म्हणालीस—" हिराबाई पुटपुटली.

"लांबून दिसला नाय मला," जिवली म्हणाली.

बुवा मागं फिरले. दौलतच्या गळ्यात हार घालताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. टाळ्या वाजल्या. झांज वाजली, पेटीनं सूर धरला, आणि बुवांनी आख्यान लावलं. घरून ठरवून आलेलंच लावलं.

"तर मंडळी, मारुतीरायानं एवढा समुद्र ओलांडला, तो कोणाच्या नावानं? स्वतःच्या नावानं का?"

पुढं त्यांना शब्द सुचेना. मागं साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांना वाटलं, बुवांना भरून आलं. त्यांनी नामाचा गजर उचलून धरला.

जिवली पायरी उतरली होती. गंजाडच्या वाटेला लागताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. खांबाशी तुक्या घागर धरून उभा होता. म्हातारीची पाठ माडांआड दिसेनाशी होईपर्यंत त्यानं श्वास सोडला नाही.