अर्जातलं वाक्य

"अहो, तिथेच का अडलात?"

सर लाल पेन हातात धरून बायकोच्या अर्जाकडे बघत राहिले. प्रश्नपत्रिका फोडल्याच्या आरोपावरून शाळेने त्यांना घरी बसवलं होतं. तेव्हापासून त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. फोन वाजला की गॅलरीत जायचे आणि मागे दार लोटून घ्यायचे. कोणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत निघून जायचे.

सगळं उपमुख्याध्यापकाचं कारस्थान आहे, असं तिचा भाऊ छातीठोकपणे सांगत होता. तीही तेच सांगत होती. शेजारणींना, जावेला, रोज हात जोडून देवालासुद्धा. पण एक गोष्ट तिच्या मनात सलत होती. 'मी हे केलं नाही' असं सर अजून एकदाही म्हणाले नव्हते.

उद्या चौकशी होती. समितीला द्यायचा अर्ज तिने शब्दकोश उघडून स्वतः इंग्रजीत लिहिला होता. खाली सही तिचीच असणार होती, आणि खोट्याखाली सही करणाऱ्यांतली ती नव्हती.

"हे चुकलंय," सर म्हणाले. "फॉल फ्रॉम ग्रेस इथे चालत नाही."

"का बरं? मान गमावणं, असाच अर्थ दिलाय की! इतरांच्या कारस्थानामुळे माझ्या पतीच्या वाट्याला हे आलं, असं लिहिलंय मी."

"दुसऱ्याने बदनाम केलं तर ती नुसती बदनामी. हा शब्दप्रयोग वेगळा आहे. आधी मान असावा लागतो, आणि तो आपल्याच करणीने घालवलेला असावा लागतो."

"बरं बाई, खोडा मग. तेवढ्यासाठी मार्क कापू नका म्हणजे झालं!"

ती एकटीच हसली.

पेन जागचं हललं नाही. चुकीचं वाक्य तसंच सोडणं या माणसाला कधी जमलं नव्हतं. भाचीच्या लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा त्यांनी भर मांडवात दाखवल्या होत्या. मग आज हात का अडावा?

"अहो," तिचा आवाज एकदम खाली आला, "खोडताय ना?"

सरांनी पेन टेकवलं. 'इतरांच्या कारस्थानामुळे' या अर्थाचे तेवढेच इंग्रजी शब्द खोडले. बाकीचं वाक्य तसंच ठेवलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"आता बरोबर आहे. कर सही."