पलंगावरची घंटा

"बाबा, पलंगावरून उठायचं नाही. उठलात तर घंटा वाजेल," गादीखाली पट्टी सरकवत मुलगा म्हणाला.

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उभा जन्म भल्याभल्यांचे कोट बेतले, आणि आता हे शेंबडं पोर त्यांनाच बेड्या घालणार!

"पट्टीवर वजन असलं की तारेतून करंट जास्त जातो. वजन उतरलं की करंट कमी होतो आणि घंटा चालू."

"त्यापेक्षा दाव्याला बांध ना. तार तरी वाचेल."

"पायाचं ऑपरेशन झालंय तुमचं. चालणं आता तुम्हाला झेपायचं नाही."

झेपायचं नाही? मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस ते पडून होते ते आपल्या मर्जीनं. व्यायाम शिकवायला आलेली बाई 'आजोबा' म्हणाली म्हणून तिलाही त्यांनी हाकलून दिलं होतं. पण पडून राहा असं या दिवट्यानं सांगावं? तिकडे दुकानात नोकर कापडाची वाट लावत होता. आपण उभे राहिलो नाही तर दुकानाला कुलूप लागणार, हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं.

सुनेची अक्कलही तेवढीच. दुकानातून आलेला कापडाचा गठ्ठा तिनं नेमका पलंगाशी टाकला होता. मुलगा बाहेर जाताच मास्तरांनी तो गादीवर ओढून घेतला आणि पाय खाली सोडले. घंटा गप्प.

"म्हणे इंजिनिअर!" ते पुटपुटले.

पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत. पाय लटपटले, डोळ्यांत पाणी आलं, पण त्या मूर्खाला फसवल्याच्या आनंदापुढे दुखणं काहीच नव्हतं. मग दारापर्यंत. मग बाहेरच्या खोलीत.

मुलगा जेवणाचं ताट घेऊन यायचा. "उठला नाहीत ना?"

"तुझी घंटा काय म्हणते?"

"वाजली नाही."

"मग झालं तर."

एवढा बिनडोक आपल्या पोटी कसा आला, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं.

आज भिंत न धरता ते थेट जिन्याच्या तोंडाशी पोचले. खाली रस्ता, पलीकडे दुकान. पण पायऱ्या बघून त्यांनी पाऊल मागे घेतलं. ते वळणार, तोच शेजारच्या खोलीतून मुलाचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

"हो डॉक्टर, जिन्यापर्यंत आलेत. उद्यापासून जिना उतरायलाही बंदी करतो."