जलेबी जेवत नाही

हेअर ड्रायर काखेत दाबून, चिमट्यात धरलेल्या मेलेल्या उंदराचं डोकं पुरेसं गरम झालं की नाही, ते भैय्यालाल बोट लावून पाहत होते. हा ड्रायर लेकीचा. स्वतःच्या डोक्यावर त्यांनी तो कधी फिरवला नव्हता. फिरवण्यासारखं तिथं काही उरलंही नव्हतं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस भर दुपारी पडदे ओढून उंदीर शेकत उभा आहे, हे बघायला घरात कोणी नव्हतं, हेच काय ते नशीब.

काचेच्या पेटीतली जलेबी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. जलेबी म्हणजे चेतनाचा पाळलेला पिवळा-पांढरा बॉल पायथन, अजगराची एक छोटी जात. चेतनाला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या घरमालकिणीनं 'मांजर चालेल, साप नाही' असं बजावलं आणि जलेबी बापाच्या गळ्यात पडली. तेव्हापासून तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पांढरा उंदीर दिला, नको. करडा दिला, नको. लहान दिला तर तोंड फिरवलं, मोठा दिला तर स्वतःच लपून बसली. लग्नात रुसलेल्या विहिणीची एवढी मनधरणी कोणी केली नसेल. फ्रीझरमध्ये मटाराशेजारी उंदरांची पिशवी पाहिल्यापासून स्वैपाकाच्या बाईंनीही येणं सोडलं होतं. म्हणजे आता घरात उपाशी दोघं.

पण खरं सांगायचं तर भैय्यालालांचं इतकं बरं कधीच चाललं नव्हतं.

बायको, अंजनाबाई, होत्या तोवर बापलेकीचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं. त्या गेल्या आणि बोलणं बंद पडलं. भांडण नव्हतं, सवय नव्हती. भैय्यालालांची सारी नोकरी कंट्रोल ऑफिसात फोनवर गेली, पण तिथं बोलायचं ते मालगाड्यांबद्दल. आली, गेली, थांबवली. लेकीशीही त्यांना तेवढंच जमायचं. "जेवले का?" "हव." "बरं, ठेवते." रविवारचा फोन कपातला चहा निवायच्या आत संपायचा. जुन्या रायपुरात, गुढियारीत राहत होते तेव्हा दारात उभं राहिलं की दहा माणसं भेटत. आता या नव्या रायपूरचे रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला जय भीम करायचा तर ऑटो करून जावं.

जलेबीनं जेवण टाकलं आणि चेतनाचा रोज फोन येऊ लागला.

"खाल्लं का बाबा तिनं?"

"नाही ना."

"काहून? उंदीर नीट हलवला होता?"

"हलवला. मी बी हललो त्याच्यासंग. तिनं पाह्यलंच नाही."

उंदीर आठवड्यातून एकदाच दाखवायचा असे, फोन मात्र रोज. आज पेटीतली उष्णता, उद्या अंधार, परवा पाणी. मग उंदरावरून गोष्ट तिच्या साहेबावर जाई, साहेबावरून मेसच्या भाजीवर, भाजीवरून अंजनाबाईंच्या वांग्यावर. एकदा चेतना फोनवर रडली. आईची फार आठवण येते म्हणाली. जलेबी कशी झोपली आहे ते भैय्यालालांनी तिला सविस्तर सांगितलं. पण फोन ठेवला नाही.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. जलेबी मेली तर लेक जन्मात बोलणार नाही, आणि जेवली तर रोज बोलणार नाही. दोन्हीकडून मरण भैय्यालालांचंच.

आता उंदीर बोटाला कोमट लागला. त्यांनी चिमटा पेटीत घातला, नेहमीसारखा हलवला, आणि जलेबीनं झडप घातली. चिमटा सुटला, ड्रायर पडला, भैय्यालाल सोफ्यावर बसले. जलेबीनं उंदराला विळखा घातला, डोक्याकडून सुरुवात केली आणि सावकाश अख्खा गिळला. "शाब्बास पोट्टी!" भैय्यालाल ओरडले. आनंदानं त्यांनी टाळीही वाजवली.

टाळी वाजवून झाली आणि त्यांना लेकीचा रोजचा फोन आठवला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते तयारीत होते. चेहरा पाडलेला, आवाज बारीक. आपल्याला हे नाटक इतकं छान जमतं, याचं त्यांना जरा कौतुकही वाटलं.

"नाही गं. आजबी नाही."

"दाखवा बरं तिले."

एवढा विचार नाटककारानं केला नव्हता. त्यांनी फोन पेटीकडे वळवला. जलेबी ऐसपैस पसरली होती. तिच्या अंगाच्या मधोमध फुगवटा होता, आणि तो बरोबर एका उंदराएवढा होता.

"बाबा, तिचं पोट दिसून राहिलं मले."

"गॅस असंल," भैय्यालाल म्हणाले.

त्यांनी फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. पाडलेला चेहरा आता खरोखरच पडला होता.

"जेवली म्हटलं असतं तर तू उद्या कायले फोन केला असता?" ते म्हणाले. "घर खायले उठते मले, चेतना. तुझ्याशी बोललो का बरं वाटते."

पलीकडे चेतनानं फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि ऐसपैस मांडी घातली.

"बाबा, हे साप चार-चार महिने जेवत नाही, तरी त्यायले काही होत नाही," चेतना म्हणाली. "जलेबीले घरी आणायच्या आधीपासून ठाऊक आहे मले."