दोनशे एकोणचाळीस दिवसांचं वर्ष

दोनशे चाळिसाव्या दिवशी सकाळी बुद्धभूषणचा अंगठा चालेनासा झाला.

त्याने तो पँटला पुसला आणि हजेरीच्या यंत्रावर पुन्हा टेकवला. टेबलावरच्या तीन कम्प्युटरांतला पहिला पुन्हा केकाटला. मागे रांगेत एकवीस माणसं उभी होती. आज आपलेही अंगठे चालणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“झिजलाय तुजा,” खुर्चीतून सोपानशेठ म्हणाले. “लेथवाल्यांचं आसंच व्हतं. त्याला मी काय करू?”

“काल संध्याकाळी चालला होता, शेठ. एका रात्रीत झिजला?”

“झोपंत काय करतो कुनाला म्हाईत!” शेठ हसले. रांग हसली नाही.

चाकणच्या त्या शेडला गेट एक, संडास एक आणि पाट्या तीन. केसरबाई इंजिनिअरिंग, केसरबाई ऑटो आणि केसरबाई टूल्स. केसरबाई म्हणजे शेठची आई. कंपन्या तीन, म्हणून कम्प्युटरही तीन. ते कारकून तनुजाच्या टेबलावर ओळीने मांडलेले. अंगठ्याचं यंत्र मात्र एकच. तीन घ्यायला शेठचं मन झालं नव्हतं.

दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला पर्मनंट करावं लागतं, हे चाकणात चहावाल्यालाही पाठ आहे. म्हणून सोपानशेठच्या शेडमध्ये वर्ष दोनशे एकोणचाळीस दिवसांचं होतं. ते संपलं की तनुजा टेबलाखाली वाकायची, यंत्राची वायर एका कम्प्युटरमधून उपसून शेजारच्यात खोचायची. तेवढ्यात बावीस माणसांची कंपनी बदलायची. माणसं जागची हलत नसत. लेथसुद्धा थांबत नसे.

मागच्या खेपेला वायर खोचताना तनुजाची कंबर धरली. अर्धा तास ती टेबलाखालीच राहिली. दोन फोनही तिने तिथूनच घेतले. बाहेर आल्यावर तिने शेठना सांगितलं, “माझी कंबर म्हणजे वायर नाही,” आणि कुठलंसं सॉफ्टवेअर टाकून ते एक यंत्र एकाच वेळी तिन्ही कम्प्युटरना जोडून टाकलं. आता वाकायचं काम नव्हतं. वर्ष संपलेल्या कंपनीची हजेरी तेवढी बंद करायची. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. “येक यंत्र, तीन कम्प्युटर, येकाच टायमाला! आमच्या तनुजाचं डोकं!”

बुद्धभूषणची इथली नऊ वर्षं झाली होती. त्याचे वडील जयसिंग पिंपरीच्या कंपनीतून पर्मनंट म्हणून निवृत्त झालेले. कासारवाडीच्या घरात कॅलेंडरवर ते त्याच्या दोनशे चाळिसाव्या दिवसाला गोल करून ठेवायचे. सकाळी फोन करायचे आणि एवढंच विचारायचे, “झालास का?” दर वर्षी उत्तर एकच. “दिवस भरले नाहीत, बाबा.”

“आता मागच्याला जागा दे,” शेठ म्हणाले. “आजपास्नं तू दुसऱ्या कंपनीत. नवी नोकरी लागली तुला, पेढे वाट.”

बुद्धभूषण हलला नाही.

“नऊ वर्षं त्याच लेथवर उभा आहे, शेठ. तो लेथ पर्मनंट झाला. त्याला दसऱ्याला हार घालता तुम्ही. मला दर वर्षी नवा करता.”

“बराबर हाय,” रांगेतून आवाज आला आणि लगेच खोकला आला.

“मला माझी हजेरी कागदावर पाहिजे. आत्ता. सही-शिक्क्यासकट.”

शेठनी क्षणभर विचार केला. दोनशे एकोणचाळीसच्या कागदाने कुणाचं काही वाकडं होत नाही, असं त्यांना वकिलाने सांगितलं होतं.

“दे गं त्याला.”

तनुजाने कीबोर्डवरची नजर काढली नाही. “शेठ, एका कंपनीची काढू, का तिन्हींची?”

“तिन्हींची काढ! दोन कोरे निघत्याल, ते ह्याच्या पोरीला चित्रं काढायला व्हत्याल.”

प्रिंटर तीनदा घरघरला. शेठना चष्मा सापडला नाही. तो त्यांच्या कपाळावर होता. शिक्के मारायला चष्मा लागत नाही. त्यांनी तीन कंपन्यांचे तीन शिक्के धाडधाड मारले, खाली तीन झोकदार सह्या केल्या आणि कागद पुढे सरकवले.

“घे. फ्रेम कर.”

पहिल्या कागदावर दोनशे एकोणचाळीस होते. दुसरा कागद कोरा नव्हता. तिसराही नव्हता. बुद्धभूषणने दोन्ही वाचले, उजेडाकडे धरून पुन्हा वाचले आणि मागच्या माणसाच्या हातात दिले. कागद रांगेतून शेवटपर्यंत गेले आणि परत आले.

“काय रं? काय झालं?” शेठ म्हणाले.

“तुम्ही पहिलीच कंपनी बंद करायला सांगितली होती, शेठ,” तनुजा म्हणाली.

“मग?”

“मग काय. यंत्र तिन्हींना जोडलेलं आहे. अंगठा तिन्हींत उमटतो. दहा महिने झाले. आजचासुद्धा.”

शेठ पुन्हा चष्मा शोधू लागले. तोवर रांग पुढे सरकली होती. माणसं एकेक करून अंगठा टेकवत होती. पहिला कम्प्युटर दर वेळी केकाटत होता आणि माणसं त्याला मान लववून लेथकडे जात होती.

बुद्धभूषणचा फोन वाजला.

“झालास का?” जयसिंगांनी विचारलं.

“झालो, बाबा,” तो म्हणाला. “दोन कंपन्यांत.”